रेणूंवरून वंशवृक्ष कसा काढतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डीएनएवरून उत्क्रांतीचे वृक्ष काढणं हे माझं रोजचं काम. वर्गात, ट्रेनमध्ये, लग्नाच्या पंगतीत लोक त्याबद्दल जे विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. काही उत्तरं लांबली आहेत, कारण प्रश्नच तसे आहेत.

हा वृक्ष डीएनएमध्ये सापडतो, की कुणीतरी तो काढतं?

काढतं. डीएनएमध्ये मिळते ती चार अक्षरांची माळ: ए, सी, जी, टी. त्या माळेत कुठेही 'माझा पणजोबा अमुक' असं लिहिलेलं नसतं. अनेक प्राण्यांतलं एकच जनुक घ्यायचं, त्यांच्या माळा एकाखाली एक लावायच्या आणि कुठे काय बदललंय ते पाहून त्यांच्या नात्याचा अंदाज बांधायचा. तो अंदाज बांधण्याच्या रीती म्हणजे हे सगळं गणित.

मराठी माणसाला हे समजावताना मी पुण्याच्या भांडारकर संस्थेत जातो. तिथे महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम १९१९ साली सुरू झालं आणि १९६६ साली पुरं झालं. त्यासाठी १२५९ हस्तलिखितं तपासली गेली. मूळ प्रत कुणाकडेच नव्हती. हाती होत्या त्या नकलांच्या नकला. मग या आवृत्तीचे संपादक विष्णु सीताराम सुखठणकर यांनी काय केलं? कुठल्या पोथ्या कुठल्या पाठात एकमेकींशी जुळतात ते पाहिलं, त्यांचे उत्तरी आणि दाक्षिणात्य असे गट पाडले आणि आदिपर्वाच्या वाचनांची वंशावळच आखली. जनुकांचंही तेच आहे. पेशी विभागताना डीएनएची नक्कल होते, नकलताना चुका होतात आणि त्या पुढच्या प्रत्येक नकलेत उतरतात.

यातली एक बारीक गोष्ट पुष्कळांच्या नजरेतून सुटते. दोन पोथ्यांत मूळचा बरोबर पाठ सारखाच टिकला असेल, तर त्यावरून त्यांचं खास नातं सिद्ध होत नाही. तो पाठ कुणाकडेही टिकू शकतो. दोघींत एकच चूक असेल, तर मात्र कान टवकारायचे, कारण ती बहुधा एकाच नकलेतून दोघींत उतरलेली असते.

मग फरक मोजले आणि कमी फरकवाले जवळचे ठरवले, एवढं पुरे नाही का?

सुरुवातीला तसंच केलं गेलं आणि ते बऱ्यापैकी चाललंही. सायटोक्रोम सी या प्रथिनात आपल्याकडे १०४ अमिनो आम्लं असतात. चिंपांझीशी तुलना केली तर फरक शून्य, ऱ्हीसस माकडाशी १, घोड्याशी १२. वॉल्टर फिच आणि इमॅन्युएल मार्गोलियाश यांनी १९६७ साली अशाच आकड्यांवरून वीस जातींचा वृक्ष काढला.

पण अंतर वाढत गेलं की साधी मोजणी फसवते. एकाच जागी ए चा जी झाला, पुढे त्या जी चा टी झाला, तर बदल दोन झाले आणि दिसतो एक. जी चा परत ए झाला तर दिसतं शून्य. पाटीवर लिहून पुसून पुन्हा लिहिलेलं शेवटचं अक्षर तेवढं आपल्याला दिसतं.

यावरचा सगळ्यात साधा उपाय ज्यूक्स आणि कँटर यांनी १९६९ साली दिला. चारही अक्षरं एकमेकांत सारख्याच दराने बदलतात असं धरायचं. दिसणाऱ्या फरकाच्या प्रमाणाला चार तृतीयांशाने गुणायचं, ते १ मधून वजा करायचं, उरलेल्याचा नैसर्गिक लॉगरिदम घ्यायचा आणि उणे तीन चतुर्थांशाने गुणायचं. कॅल्क्युलेटरवर करून पाहा. शंभर जागांपैकी १० वेगळ्या दिसल्या तर खरे बदल सुमारे १०.७ येतात, म्हणजे फारसा फरक नाही. ३० दिसल्या तर ३८. ५० दिसल्या तर ८२! आणि ७५ ला सूत्र अनंतावर जाऊन आपटतं. ते बरोबरच आहे, कारण चार अक्षरांतून कशाही जमवलेल्या दोन माळासुद्धा शंभरातल्या पंचवीस जागी योगायोगाने जुळतात. तिथे इतिहास पुरता पुसला गेलेला असतो.

'सारख्याच दराने' हे गृहीतक अर्थात ढोबळ आहे. ए आणि जी, किंवा सी आणि टी, यांची अदलाबदल इतर जोड्यांपेक्षा सहसा जास्त होते. मोतू किमुरांनी १९८० साली ते सूत्रात आणलं आणि तेव्हापासून सूत्रं गुंतागुंतीची होत गेली आहेत.

संगणक आहे ना? सगळे शक्य वृक्ष तपासायचे आणि चांगला निवडायचा.

चार जातींचे मूळ न दाखवलेले वृक्ष ३ होतात. पाचचे १५, सहाचे १०५. इथवर वहीत मावतं. दहा जातींचे २०,२७,०२५. वीस जातींचा आकडा २१ अंकी आहे. सेकंदाला एक कोटी वृक्ष तपासले तरी सुमारे ७ लाख वर्षं लागतील, आणि हल्ली विद्यार्थी दोनशे जातींची फाइल घेऊन येतात.

म्हणून कोणतंही सॉफ्टवेअर सगळे वृक्ष पाहत नाही. एका बऱ्या वृक्षापासून निघायचं, एखादी फांदी तोडून दुसरीकडे जोडायची, सुधारणा झाली तर ठेवायची, नाहीतर दुसरी तोडायची. धुक्यात डोंगर चढण्यासारखं हे आहे. माथा आला असं वाटतं, पण ती शेजारची टेकडी असू शकते. म्हणून निरनिराळ्या ठिकाणांहून पुन्हा पुन्हा चढाई करायची. अहवालात कुणी एकच चढाई केलेली दिसली, तर मी ती ओळ तांबड्या पेनाने अधोरेखित करतो.

अंतरांच्या तक्त्यावरून वृक्ष कसा उभा राहतो? एखादं उदाहरण हाताने करून दाखवा.

हा माझा आवडता प्रश्न. चार जाती घेऊ: क, ख, ग, घ. त्यांच्यातली अंतरं अशी आहेत:

कख १२, कग ७, कघ १५, खग १५, खघ २३, गघ १२.

पहिल्या नजरेत काय वाटतं? सगळ्यात कमी अंतर क आणि ग यांच्यात, ७. म्हणजे तीच भावंडं. १९५८ साली सोकल आणि मिचनर यांनी दिलेली यूपीजीएमए ही पद्धत नेमकं हेच करते: सर्वांत जवळची जोडी बांधा, मग पुढची.

आता दुसऱ्या वाटेने जाऊ. चौघांच्या दोन-दोन जोड्या तीनच प्रकारे पडतात. तिन्ही बेरजा करा.

कख + गघ = २४
कग + खघ = ३०
कघ + खग = ३०

दोन बेरजा सारख्या आणि एक लहान. हा योगायोग नव्हे. अंतरं खरोखर एखाद्या वृक्षावरची असतील तर असंच व्हावं लागतं, कारण मोठ्या दोन बेरजांत मधली फांदी दोनदा चालावी लागते आणि लहान बेरजेत एकदाही नाही. म्हणजे खऱ्या जोड्या कख आणि गघ. मधली फांदी किती लांब? ३० वजा २४, भागिले २, म्हणजे ३. थोडी आकडेमोड केली की बाकीच्या फांद्याही सुटतात: क २, ख १०, ग २, घ १०. या लांब्या मांडून सहाही अंतरं पुन्हा मोजा, तंतोतंत जुळतात.

मग यूपीजीएमए का चुकली? तिने गुपचूप धरून ठेवलं होतं की सगळ्यांचा बदलण्याचा वेग सारखा आहे. इथे ख आणि घ भरधाव सुटलेत, क आणि ग रेंगाळलेत. दोन संथ चुलतभाऊ एकमेकांसारखे दिसले, एवढंच. नारुया सैतोऊ आणि मासातोशी नेई यांनी १९८७ साली आणलेली नेबर-जॉइनिंग पद्धत प्रत्येकाचं इतर सर्वांपासूनचं अंतर वजा घालून हा दोष काढते आणि वरच्या तक्त्यावर बरोबर उत्तर देते. अनेक अभ्यासक्रमांत अजून यूपीजीएमएच आधी शिकवतात. शिकवायला हरकत नाही, पण हे सहा आकडे दाखवल्याशिवाय शिकवू नये असं माझं मत आहे.

पार्सिमनी म्हणजे काय?

ज्या वृक्षावर कमीत कमी बदल मानावे लागतात तो वृक्ष निवडायचा. काटकसरीचा हिशेब. समजायला सोपी आणि बदल विरळ असतील तिथे उत्तम.

पण जो फेल्सनस्टाइन यांनी १९७८ साली दाखवून दिलं की दोन फांद्या फार लांब आणि बाकीच्या आखूड असतील तर ही पद्धत लांब फांद्यांना एकत्र चिकटवते. त्यातही वाईट म्हणजे, माहिती वाढवत गेलात की ती चुकीच्या उत्तराबद्दल अधिकाधिक ठाम होत जाते. याचा फटका मायक्रोस्पोरिडिया या परजीवींना बसला. त्यांची जनुकं वेगाने बदललेली असल्यामुळे सुरुवातीच्या वृक्षांत ते केंद्रकधारी जीवांच्या अगदी तळाशी, अतिप्राचीन म्हणून जाऊन बसले. नंतर सुधारित गणिताने आणि आणखी जनुकांनी त्यांना घरी आणलं. ते बुरशीचे नातेवाईक निघाले.

मॅक्झिमम लाइकलिहूड हा शब्द सगळीकडे दिसतो. सोप्या शब्दांत?

हा वृक्ष, या लांबीच्या फांद्या आणि अक्षरं बदलण्याचे हे नियम खरे असते, तर आपल्यासमोरची माहिती मिळण्याची शक्यता किती असती? ती ज्या वृक्षावर सर्वांत जास्त तो वृक्ष निवडायचा. लक्षात घ्या, ही 'वृक्ष खरा असण्याची शक्यता' नाही. अंगण ओलं आहे. पाऊस पडला असता तर ते ओलं असण्याची शक्यता भरपूर. म्हणून पाऊसच पडला असं होत नाही, कुणी सडाही घातला असेल.

अडचण अशी की मधले पूर्वज मेलेले. त्यांच्याकडे कुठलं अक्षर होतं ते ठाऊक नसल्यामुळे चारही धरून बेरीज करावी लागते. वीस जातींच्या वृक्षात असे १८ पूर्वज. म्हणजे प्रत्येक जागेसाठी ४ चा १८ वा घात, सुमारे ६,८७२ कोटी प्रकार! फेल्सनस्टाइन यांनीच १९८१ साली यातून वाट काढली. पानांकडून मुळाकडे यायचं आणि प्रत्येक सांध्यावर फक्त चार आकडे जमा ठेवायचे: 'इथे ए असता तर खालचं सगळं मिळण्याची शक्यता इतकी, सी असता तर इतकी…' वरच्या सांध्याला खालच्या भानगडी पाहाव्याच लागत नाहीत. गावोगावची बेरीज तालुक्याला आणि तालुक्यांची जिल्ह्याला, तशी. कोट्यवधींचं काम शेकड्यांवर आलं. या विषयातली सर्वांत देखणी युक्ती कोणती असं विचारलं तर मी हिच्याकडे बोट दाखवेन.

आणि बेजची पद्धत?

इथे आधीचा समज आणि लाइकलिहूड यांचा गुणाकार करून वृक्षाचीच शक्यता काढतात. एक वृक्ष निवडण्याऐवजी शक्य वृक्षांच्या रानात लाखो पावलं भटकायचं आणि कुठे किती वेळ गेला ते मोजायचं. मिस्टरबेज आणि बीस्ट ही त्यातली प्रसिद्ध सॉफ्टवेअर. भटकंती पुरेशी झाली की नाही हे तपासायला विसरू नका.

फांदीवर ९७ असा आकडा असतो. म्हणजे ९७ टक्के खात्री?

नाही. तो बहुधा बूटस्ट्रॅपचा आकडा असतो. समजा जुळणीत, म्हणजे एकाखाली एक लावलेल्या माळांत, १००० स्तंभ आहेत. त्यातून एकेक स्तंभ चिठ्ठी काढल्यासारखा उचलायचा, पाहून परत टाकायचा, असं हजार वेळा. काही स्तंभ दोन-तीनदा येतात आणि साधारण ३७ टक्के येतच नाहीत. या नव्या जुळणीवरून वृक्ष काढायचा. असे शंभर वृक्ष काढले आणि ९७ मध्ये तो गट दिसला, तर आकडा ९७.

म्हणजे माहिती थोडी हलवली तरी हा गट टिकतो, इतकंच तो सांगतो. पद्धतच एका बाजूला झुकलेली असेल तर चुकीचा गटही शंभरपैकी शंभर मिळवतो. मायक्रोस्पोरिडियांची गोष्ट आठवा.

वृक्षात माणूस सगळ्यात वर असतो. म्हणजे आपण सर्वांत प्रगत?

कागदावर तसं काढलं म्हणून. कुठल्याही सांध्यावर फांद्या गरकन फिरवा, वृक्ष तोच राहतो. आजचा चिंपांझी आपला पूर्वज नाही, चुलतभाऊ आहे. मूळ कुठे हेही वरच्या बहुतेक पद्धती सांगत नाहीत. ते ठरवायला नक्की बाहेरचा असा एक पाहुणा घ्यावा लागतो. माकडांच्या वृक्षाला उंदीर चालेल. पाहुणा जिथे जोडला जातो तिथे मूळ.

'इतक्या कोटी वर्षांपूर्वी वेगळे झाले' हे कुठून येतं?

एमिल झुकरकँडल आणि लायनस पॉलिंग यांनी १९६० च्या दशकात 'रेणूंचं घड्याळ' ही कल्पना मांडली: बदल साधारण ठरावीक गतीने साचतात. पण हे घड्याळ वर्षं दाखवत नाही, नुसती टिकटिक मोजतं. ते लावायला एखादा खुंटा लागतो, म्हणजे ज्याचं वय ठाऊक आहे असा जीवाश्म किंवा भूगर्भातली घटना. शिवाय प्रत्येक फांदीवर घड्याळ निराळ्या वेगाने चालतं, त्यामुळे आता शिथिल घड्याळं वापरतात.

आपल्या सह्याद्रीचं उदाहरण घेऊ. २००३ साली एस. डी. बिजू आणि फ्रँकी बोसाइट यांनी केरळच्या इडुक्कीतून एक जांभळा, फुगीर, टोकदार नाकाचा बेडूक जगापुढे आणला. नाव नासिकाबॅट्राकस सह्याद्रेन्सिस. नाक आणि सह्याद्री, दोन्ही नावात. डीएनएच्या वृक्षात त्याचे सर्वांत जवळचे नातेवाईक निघाले ते थेट सेशेल्स बेटांवरचे बेडूक! मधे हिंदी महासागर. त्या अभ्यासात हा दुरावा सुमारे १३ कोटी वर्षांपूर्वीचा आला. सेशेल्स आणि भारत एकमेकांपासून सुटले ते बरंच नंतर, दख्खनचा काळा पाषाण ज्या लाव्हाने घडला त्या काळाच्या आसपास, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. इथे एक सापळा आहे. समजा कुणी भूभाग तुटण्याचं वय हाच खुंटा धरून घड्याळ लावलं आणि मग म्हणालं, 'बघा, बेडूक भूभाग तुटल्यामुळेच वेगळे झाले.' हे स्वतःच लिहिलेल्या चिठ्ठीची साक्ष काढण्यासारखं झालं. वय वाचलं की आधी खुंटा कुठला ते विचारा.

वेगवेगळी जनुकं वेगवेगळे वृक्ष देतात असं ऐकलं. मग खरा कुठला?

सगळेच खरे असू शकतात. गोरिलाचा जनुकसंच २०१२ साली प्रसिद्ध झाला तेव्हा दिसलं की त्याच्या सुमारे ३० टक्के भागात गोरिला हा माणसाच्या किंवा चिंपांझीच्या इतका जवळ आहे, जितके ते दोघे एकमेकांच्याही नाहीत. तरी जातींचा वृक्ष माणूस आणि चिंपांझी यांनाच भावंडं ठरवतो. कारण पूर्वजांच्या कळपात प्रत्येक जनुकाचे अनेक प्रकार एकाच वेळी नांदत होते आणि वाटण्या होताना कुणाच्या वाट्याला कुठला प्रकार आला हा नशिबाचा भाग होता.

जिवाणूंत तर जनुकं शेजाऱ्यालाही दिली जातात. सुखठणकरांनाही हीच डोकेदुखी होती. लेखनिकाने दोन पोथ्या समोर ठेवून दोन्हीतले पाठ घेतले की वंशावळीच्या रेघा एकमेकींत गुंततात. अशा ठिकाणी वृक्षाचा हट्ट सोडून जाळं काढावं.

आमच्या घराण्याची वंशावळ डीएनएवरून काढून मिळेल का?

हे पंगतीत हमखास विचारलं जातं. माणसामाणसांत दर पिढीला आई आणि बाप दोघांकडचा डीएनए पिसला जातो, त्यामुळे सगळ्या जनुकांना धरून एकच वृक्ष निघत नाही. फक्त आईकडून येणारा मायटोकाँड्रियाचा डीएनए आणि बापाकडून मुलाला जाणारं वाय गुणसूत्र यांचे वृक्ष काढता येतात. ते तुमच्या असंख्य पूर्वजांपैकी दोनच रेघांबद्दल बोलतात. नाशिकच्या किंवा त्र्यंबकच्या उपाध्यायांची वही त्या मानाने जास्त नावं सांगेल.

कोविडमध्ये हे वृक्ष कामी आले का?

फार. या विषाणूची माळ सुमारे २९,९०० अक्षरांची आणि त्यात महिन्याला साधारण दोन बदल साचत. मार्च २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या नमुन्यांवरून 'डबल म्युटंट' हा शब्द बातम्यांत आला तो आठवत असेल. पुष्कळांना वाटलं की दोन विषाणू एकत्र आले. तसं नव्हतं. एकाच शाखेत, बी.१.६१७ मध्ये, एल४५२आर आणि ई४८४क्यू हे दोन बदल होते एवढंच. एल४५२आर हाच बदल कॅलिफोर्नियातल्या निराळ्या शाखेतही स्वतंत्रपणे झाला होता. नुसता बदल पाहिला असता तर दोन्हीकडचे विषाणू सख्खे वाटले असते. पूर्ण वृक्षाने ते दूरचे ठरवले. बी.१.६१७ चीच एक फांदी पुढे डेल्टा म्हणून जगभर गेली, आणि गंमत म्हणजे तिच्यात ई४८४क्यू नव्हताच.

कुणाकडून कुणाला लागण झाली ते मात्र सहसा सांगता येत नाही. महिन्याला दोन बदल म्हटल्यावर एका आठवड्यात एकाच इमारतीत आजारी पडलेल्या दहा जणांचे विषाणू अक्षरशः सारखे असू शकतात.

कोर्टात असा पुरावा चालतो?

चालला आहे. अमेरिकेत लुइझियाना राज्यात एका डॉक्टरने आपल्या पूर्वीच्या मैत्रिणीला एचआयव्हीबाधित रुग्णाचं रक्त टोचल्याचा खटला झाला आणि १९९८ साली तो दोषी ठरला. वृक्षात तिच्या शरीरातल्या विषाणूंची फांदी त्या रुग्णाच्या विषाणूंच्या फांद्यांच्या आतून फुटलेली दिसली. अशी रचना दिशा सुचवते. पण मधे एखादा तिसरा माणूस नव्हता हे वृक्ष एकटा सिद्ध करत नाही. त्याला इतर पुराव्यांची जोड लागते आणि त्या खटल्यात ती होती.

स्वतः करून पाहायचं आहे. कुठून सुरुवात करू?

मेगा हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि बटणांवर चालतं. हात बसला की आयक्यू-ट्री. माळा एकाखाली एक लावायला माफ्ट. वृक्ष ज्या कंसांच्या लिपीत साठवतात, ((क,ख),(ग,घ)); अशी, तिला न्यूइक म्हणतात. १९८६ साली मंडळींनी ती ज्या खानावळीत जेवताना पक्की केली तिचं ते नाव.

आणि वृक्ष काढण्याआधी जुळणी डोळ्यांनी पाहा, वरपासून खालपर्यंत. माझ्या पहिल्या वृक्षात एक फांदी बाकी सर्वांच्या दसपट लांब आली होती. नवीनच काहीतरी सापडलं म्हणून मी दोन दिवस हवेत होतो. तिसऱ्या दिवशी जुळणी उघडली. ती एक माळ मी उलटी चिकटवली होती.